सासूबाईंचं खातं

आमच्या बँकेच्या एका करारात एक खातं आहे. त्याचं खरं इंग्रजी नाव एका दमात म्हणता येणार नाही इतकं लांब आहे, म्हणून बँकेतले सगळे, अगदी फोनवरून बोलणारे परदेशी वकीलसुद्धा, त्याला 'मदर-इन-लॉ अकाउंट' म्हणतात. ही मदर-इन-लॉ म्हणजे माझ्या सासूबाई. वसईच्या. बँकेची पायरी त्या चढतात ती फक्त सासऱ्यांच्या मागे मिळणारं पेन्शन काढायला, आणि तिथेही पासबुक छापून देणाऱ्याशी भांडून येतात. बहारीनच्या वाळूत उभ्या राहिलेल्या एका भल्यामोठ्या खाजगी सौर प्रकल्पाच्या करारात त्यांचं खातं कसं आलं, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की गोष्ट सुरू झाली की नवरा मुकाट्याने उठतो आणि चहा ठेवतो.

मी बहारीनच्या राजधानीत, मनामात, एका बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासते. कोणाला इमारत बांधायची असते, कोणाला जहाज घ्यायचं असतं. पैसे द्यावेत की नाही यावर मी पानंच्या पानं लिहिते, आणि वरची मंडळी एका लांब टेबलाभोवती बसून त्यावर वाद घालतात. त्या सुमारास बँकेने सौर ऊर्जेसाठी एक वेगळा विभाग काढला होता. विभाग म्हणजे मी आणि एक अर्धा माणूस. अर्धा अशासाठी की तो उरलेला अर्धा वेळ दुसऱ्या मजल्यावर जहाजं बघायचा. आमचे आधीचे प्रस्ताव एकामागून एक परत आले होते. शेवटी आमच्या साहेबांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "हा मोठा प्रकल्प मंजूर झाला तर विभाग राहील. नाही झाला तर खलास. तुझ्यासाठी दुसरी जागा माझ्याकडे नाही."

जागा नाही म्हणजे व्हिसा नाही. नवरा इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, पण त्याच्या एकट्याच्या पगारात तुबलीतल्या फ्लॅटचं भाडं आणि मुलीची ईसा टाउनची शाळा दोन्ही बसणारं नव्हतं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं: प्रस्ताव पडला तर बाडबिस्तरा आवरायचा आणि वसईला परत जायचं. मला जायचं नव्हतं. उगाच कशाला आडपडदा ठेवू? मला माझं काम आवडत होतं, समुद्राकडेची संध्याकाळची हवा आवडत होती, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चनंतर मैत्रिणींबरोबर होणारा गोंधळ आवडत होता. मुलगी तर इथेच जन्मलेली. तिला वसई म्हणजे सुट्टीत आंबे खायची जागा.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या.

त्यांनी वसईच्या घरावर नुकताच एक मजला चढवला होता. कोणासाठी, हे बोलायची गरज नव्हती. बॅग उघडल्या उघडल्या त्यांनी मोबाईलवर नव्या खोल्यांचे फोटो दाखवले. खिडक्यांना पडदेसुद्धा लावून झाले होते. "ही पूर्वेकडची खोली नातीची," त्या म्हणाल्या. "सकाळचं ऊन येतं. अभ्यासाला बरं." माझी मुलगी फोटोकडे बघत म्हणाली, "नाइस, आजी," आणि मग तिने मराठीचे दोन-तीन शब्द घालून इंग्रजीत सगळी हकीकत सांगून टाकली: मम्माचं सोलरचं काम पास झालं नाही तर वुई आर ऑल कमिंग टू वसई, फॉरएव्हर. सासूबाईंना त्यातलं 'मम्मा', 'पास' आणि 'वसई' एवढंच कळलं. पण बाई हुशार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ते मराठीत नीट सांगावं लागलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा खडा शोधायला लागल्या.

मला तेव्हा मनातून राग आला होता. हे 'बरं' म्हणजे काय? बरंच होईल, असं? मी चार दिवस त्या 'बरं'चा कीस काढत बसले.

पण त्यांच्यावर फार वेळ रागावून राहणं जमत नाही. येताना त्यांनी सुकेळी आणली होती. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधासारख्या रंगाची. ती आम्ही दोन दिवसांत फस्त केली. तेव्हा त्या म्हणाल्या, इथे एवढं ऊन पडतं, आणि तुम्ही त्याचं काहीच करत नाही? दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन जिदहफ्सच्या बाजारात गेल्या आणि केरळी लोक आणतात ती लांब, जाड केळी घेऊन आल्या. ती राजेळीची सख्खी नव्हे तर चुलत बहीण आहे, असा त्यांचा निवाडा. तेव्हापासून रोज पहाटे, जपमाळ झाली की, त्या ताट घेऊन गच्चीवर जायच्या, केळी मांडायच्या, वर मलमलचं फडकं घालायच्या आणि संध्याकाळी सगळं खाली आणायच्या. आमच्या बिल्डिंगचा बंगाली वॉचमन त्यांना केळेवाली अम्मा म्हणायला लागला.

असंच एकदा ओट्यापाशी उभ्या असताना त्यांनी मला विचारलं, "बाय, ऊन फुकट हाय ना? मग कर्ज कशाला काढतात?"

मला हसू आलं, कारण बँकेत सगळ्यांच्या तोंडी हाच प्रश्न होता. मी त्यांना म्हटलं, "आई, आपल्याकडे विहीर खणताना काय झालं होतं? पाणी फुकट, पण खणायचा सगळा खर्च आधीच. आणि शेजारच्या बिल्डिंगला टँकर येतो. त्यांना आधी काही खर्च नाही, पण आयुष्यभर दर टँकरचे पैसे. गॅसची वीज म्हणजे टँकर. सौर म्हणजे विहीर. विहिरीला कर्ज लागतं."

"मग विहीरच बरी," सासूबाई म्हणाल्या. "पण तिचा गाळ काढावा लागतो."

त्या बोलण्यातला शेवटचा भाग मी ऐकला न ऐकल्यासारखा केला. पहिला भाग मात्र मी उचलला आणि थेट बँकेत नेला.

बँकेत ज्यांना पटवायचं होतं ते म्हणजे आमच्या कर्ज समितीचे अध्यक्ष. अंगात पांढराशुभ्र थोब, म्हणजे अरबी पायघोळ झगा, हातात सतत पोवळ्याची माळ, आणि आवाज इतका हळू की सगळी खोली त्यांच्याकडे झुकायची. त्यांनी उभी हयात गॅसवरच्या वीज केंद्रांना कर्ज देण्यात घालवली होती. इथे गॅस जमिनीखालीच आहे. दिवे, एसी, समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने, सगळं त्याच्यावर चालतं. त्यांच्या दृष्टीने मी बसल्या जागी सोन्यासारखा धंदा सोडून वाळवंटात काचा मांडायला निघाले होते. ते मला 'बिन्ती' म्हणायचे, म्हणजे लेकी, आणि नंतर माझ्या प्रस्तावाच्या चिंधड्या करायचे.

मी त्यांना सांगितलं की गॅस काही अमर नाही. आपण वीज करायला जाळला नाही तर तोच गॅस कारखान्यांना देता येईल. सरकारने ठरलेल्या भावाने कित्येक वर्षं ही वीज घ्यायचं कबूल केलंय, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं आहे. आणि मग विहीर आणि टँकर सांगितलं.

अध्यक्षांनी माळेचे दोन मणी सरकवले. "आमच्याकडे झरे होते," ते म्हणाले. "माझ्या लहानपणी या बेटावर गोड्या पाण्याचे झरे होते. आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो. फुकटच होतं पाणी. फुकट म्हणून कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि ते आटले. तुझं ऊन फुकट आहे हे मला मान्य आहे, बिन्ती. पण काचेवर धूळ बसेल तेव्हा तिच्याकडे कोण बघणार?"

मी सल्लागारांचा जाडजूड अहवाल पुढे केला. त्यात धुळीचं सगळं गणित होतं. त्यांनी तो उघडलाही नाही. "हे जिथे लिहिलंय तिथे रोज पाऊस पडतो," ते म्हणाले. "तू इथे राहतेस ना? तुझ्या गच्चीवर एक काच धूळ खात ठेव, एक पुसत राहा. आणि समितीच्या बैठकीत मला सांग काय दिसलं. यल्ला, लाग कामाला."

आता हे काही बँकेचं रीतसर काम नव्हतं. पण म्हाताऱ्याने आव्हान दिलं होतं आणि माझं डोकं लगेच तापतं. मी त्याच संध्याकाळी सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, दोन छोटी सौर पॅनलं आणि एक मीटर घेऊन आले. तुबलीतच एक वर्कशॉप आहे. त्याचे मालक रत्नागिरीकडचे चाचा, आमच्या घराच्या ग्रिल्स त्यांनीच बसवलेल्या. त्यांनी पॅनलं ठेवायला तिरकी लोखंडी चौकट करून दिली.

"मॅडम, एक बोलू?" चाचा म्हणाले. "गॅस एवढा स्वस्त असताना उन्हाचा धंदा करायचा म्हणजे मुश्किलच हाय. पण तुमचं काम झालं तर माझ्या शेडवर पन एक लावा. इंशाल्ला."

चौकट आम्ही गच्चीच्या एका कोपऱ्यात बसवली. नियम साधा होता. डावीकडचं पॅनल नवऱ्याने रात्रपाळीवरून आल्यावर रोज पुसायचं. उजवीकडचं कोणीही पुसायचं नाही. दुपारी झोपून उठला की त्यानेच दोन्हींवर मीटर लावून आकडे मला पाठवायचे. चुकून कोणी हात लावू नये म्हणून मी बँकेच्या लेटरहेडवर मोठ्या अक्षरांत 'प्लीज डू नॉट क्लीन' छापून आणलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून उजव्या पॅनलच्या कडेला चिकटवलं. घरात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना म्हणजे नवऱ्याला आणि मुलीला. सासूबाई तेव्हा चर्चच्या बायकांबरोबर कुठेतरी भाकऱ्या करायला गेल्या होत्या, आणि नंतर ते राहूनच गेलं.

आकडे यायला लागले आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. दोन्ही पॅनलं अगदी सारखी वीज देत होती. रोज. मला वाटलं होतं, पुसलेलं पुढे राहील आणि न पुसलेलं हळूहळू मागे पडेल. पण कसलं काय! मग एका दुपारी शमालचा वारा सुटला. समोरची बिल्डिंग दिसेना, खाडीवरचा पूल दिसेना, दातांत वाळू करकरायला लागली. दुसऱ्या दिवशी मी आकडे उघडले. दोन्ही सारखे!

"काय जबरदस्त काच आहे ग," नवरा म्हणाला.

"धूळ बसतच नाही तिच्यावर," मी म्हणाले. "वाऱ्यानेच उडून जात असणार."

दोन शिकलीसवरली माणसं स्वयंपाकघरात उभी राहून असं बोलत होती, आणि गच्चीवरच्या आमच्या पाण्याच्या टाकीवर मात्र बोटभर धूळ साचली होती. पण जे हवं होतं तेच दिसत असल्यावर टाकीकडे कोण बघतो? मी एक झकास आलेख काढला. दोन रेघा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून चाललेल्या. तो माझ्या सादरीकरणाच्या अगदी शेवटी घातला, म्हणजे अध्यक्षांची बोलती बंद.

बैठकीच्या दिवशी मला पहाटेच जाग आली. साडी नेसायची की सूट घालायचा यावर स्वतःशीच वाद घालून झाला. म्हटलं, वर जाऊन पॅनलांचा एक ताजा फोटो काढू, आलेखाच्या शेजारी शोभून दिसेल. गच्चीचं दार उघडलं तर सूर्य नुकताच वर येत होता आणि सासूबाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. केळी मांडून झाली होती. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात सुकं. त्यांनी उजव्या पॅनलवरचा माझा कागद अलगद सोडवला, खालची काच कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली, वर हाताचा तळवा फिरवून बघितली आणि कागद होता तसा परत चिकटवला.

"आई!" मी एवढ्या जोरात ओरडले की कबुतरं उडाली.

त्या दचकल्या. "काय झालं?"

"तुम्ही हे रोज पुसता?"

"रोज. दोन्ही पुसते. का? वाळवंटातली धूळ ही. दोन दिवस ठेवली तर काचेची पाटी होते."

मी केळ्यांच्या ताटाशेजारी मटकन खाली बसले. नवऱ्याची तर बातच सोडा. रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे मिटून आधीच चकचकीत असलेली काच पुसायचा आणि झोपायला जायचा. "पण का पुसलंत?" मी विचारलं. त्या एकदा माझ्याकडे, एकदा फडक्याकडे बघत राहिल्या. "घाण काच बघवत नाय मला," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खाली गेल्या आणि माझ्यासाठी घावणे घातले.

मी ते घावणे खाल्ले नाहीत. गाडीत बसून मी आलेख काढून टाकला. काय बोलायचं याचा पत्ता नव्हता. संबंध रस्ताभर मी सासूबाईंवर, नवऱ्यावर, बँकेवर आणि मुख्य म्हणजे स्वतःवर वैतागत होते, आणि सिग्नलला थांबल्यावर एकदम माझ्या डोळ्यांसमोर ते दृश्य आलं: त्या बँकेचा कागद उचलतात, खाली पुसतात, परत लावतात. मी एकटीच गाडीत फिसकन हसले. शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच वर केली.

बैठकीत मी सगळा प्रस्ताव मांडला. बांधकाम, करार, व्याज, विमा, सगळं. शेवटी अध्यक्षांनी विचारलंच. "आणि तुझी गच्ची, बिन्ती?"

"गच्चीवरचा प्रयोग फसला," मी म्हणाले. "माझ्या सासूबाई रोज पहाटे दोन्ही काचा पुसत होत्या. मला आज सकाळी कळलं."

कोपऱ्यातून आमचे विम्याचे साहेब खुदकन हसले, आणि बघता बघता ते लांब टेबल नुसतं गदगदायला लागलं. मी कागदाबद्दल सांगितलं तेव्हा एकाने टिश्यूने डोळे पुसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माळ टेबलावर ठेवली.

"त्यांना कोणी सांगितलं होतं पुसायला?"

"नाही."

"बंद करायला सांगितलं होतं?"

"कागद लावला होता. इंग्रजीत."

आता मात्र त्यांच्या मिशा हलल्या. "माझी आई असती तर तिनेही पुसलं असतं," ते म्हणाले. "पण त्या प्रकल्पावर तुझ्या सासूबाई नसतील. पहिली काही वर्षं सगळं झकपक राहील. पुढे मालक म्हणेल, यंदा सफाईचा खर्च थोडा कमी करू, नफा थोडा वाढवू. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडा. तू नसशील, मी तर नसेनच. तेव्हा कोण पुसणार?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्या अहवालात कुठेच नव्हतं. पण सकाळपासून मी दुसरा विचारच केला नव्हता, त्यामुळे ते तोंडातून आपसूक बाहेर पडलं. अशा प्रकल्पाचा पैसा एकाखाली एक ठेवलेल्या बादल्यांत पडतो. वरची भरून वाहिली की खालची भरते. वरच्या बादलीत पगार आणि देखभाल, तिच्याखाली बँकेचा हप्ता, अगदी तळाशी मालकाचा नफा. सफाई त्या देखभालीच्या बादलीत कुठेतरी कोपऱ्यात होती, कोणालाही सहज चिमटा काढता येईल अशी.

"सफाईची वेगळी बादली करू," मी म्हणाले. "सगळ्यांच्या वर. वेगळं खातं. ते भरल्याशिवाय मालकाच्या हाती काहीही पडणार नाही, आणि त्यातला पैसा सफाईशिवाय कशालाही वापरता येणार नाही. कोणाच्या मनात असो वा नसो, दर सकाळी काच पुसली जाईल."

"म्हणजे सासूबाईंचं खातं," विम्याचे साहेब म्हणाले.

"म्हणजे सासूबाईंचं खातं," अध्यक्षांनी अगदी गंभीरपणे म्हटलं आणि पहिला हात वर केला. बाकीचे हात एकामागोमाग वर गेले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग तोंड धुऊन नवऱ्याला फोन केला. तो झोपेत होता. "पुसायचं राहिलं का?" असं त्याने विचारलं. संध्याकाळी मी बक्कळ मिठाई घेऊन घरी गेले आणि सासूबाईंना मिठी मारली. मुलगी सोफ्यावर उड्या मारत ओरडत होती, "वुई आर स्टेइंग! आजी, वुई आर स्टेइंग!" सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि सकाळचे घावणे गरम करायला उठल्या. यावेळी मी त्या 'बरं'चा विचार केला नाही. आनंदात कोणाला सुचतंय? पुढच्या महिन्यात त्यांचा व्हिसा संपला आणि त्या वसईला परत गेल्या.

मग कराराची महिनोन्महिने चाललेली घासाघीस झाली. मालक कंपनीचे लोक त्या खात्यावर पुष्कळ कुरकुरले, पण अध्यक्ष हलले नाहीत. एका परदेशी वकीलबाईंनी तर मला वेगळी मेल पाठवून विचारलं, सासूबाईंची प्रकृती कशी आहे?

प्रकल्प उभा राहिला त्या हिवाळ्यात मी सासूबाईंना हट्टाने पुन्हा बोलावून घेतलं. एका सकाळी त्यांना गाडीत घातलं आणि बेटाच्या दक्षिणेला घेऊन गेले. दगडगोटे, वाळू, मध्येच एखादं बाभळीसारखं झुडूप, आणि मग एकदम त्या रांगा. निळ्या काचा, जिथवर नजर जाईल तिथवर. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. लांब ब्रश लावलेलं एक यंत्र एका रांगेवरून सरकत गेलं, मागे स्वच्छ पट्टा सोडत. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"कोपऱ्यात पोचत नाय," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने जवळच्या काचेचा कोपरा पुसला. आमच्याबरोबरच्या इंजिनिअरने हेल्मेटखाली हसू लपवलं.

मी त्यांना म्हटलं, "आई, हे सगळं तुमच्यामुळे. त्या दिवशी तुम्ही काचा पुसल्या नसत्या तर हे खातं सुचलंच नसतं. आणि तुम्ही मात्र नुसत्या घाण बघवत नाही म्हणून पुसत होतात!"

"कोण म्हणतं?" सासूबाई म्हणाल्या. "तू एवढी ओरडलीस, मी काय सांगणार होते? डावीकडची माझ्या लेकाच्या हाताने नीट पुसली जायची नाय म्हणून पुसायचे. आणि उजवीकडच्या काचेवर तुझ्या बँकेचा कागद होता. मला वाचता येत नाय, पण बँकेचं चित्र ओळखते मी. म्हटलं, हीच ती. हिच्यावरच पोरीचं काम अडलंय. ही चकचकीत राहिली तर काम होईल."

वारा होता. ब्रशचं यंत्र रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरलं. मला त्यांच्या घरावरचा तो मजला आठवला, पूर्वेकडची खोली, लावून ठेवलेले पडदे.

"आई," मी म्हणाले, "काम झालं तर आम्ही परत येणार नव्हतो. तुम्हाला माहीत होतं ना?"

"तूच तर सांगितलंस. तांदूळ निवडत होते तेव्हा."

"मग?"

"मग काय? तुझं काम होतं ते." त्यांनी पदर झटकला, उन्हाकडे एकदा हात आडवा धरून पाहिलं आणि गाडीकडे चालायला लागल्या. मी तिथेच उभी आहे हे बघून थांबल्या. माझे डोळे भरून आलेले त्यांना दिसले असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"यल्ला, चल आता," त्या म्हणाल्या. "केळी गच्चीवर हायत."